जिजीचं नख आणि यीस्टची बाटली

फेब्रुवारी सरत आला की अमळनेरच्या बाजूला बोरीकाठच्या गावांत कुठल्याही गल्लीतून जा, भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास येतो. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हंगाम. ज्वारी तीन दिवस पाण्यात ठेवायची, उपसून कांडायची, पुन्हा आंबवायची, मग लसूण-मिरची-तीळ-जिरं घालून घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या धोतरावर थापायचा. माझी एक फुई, वडिलांची चुलत बहीण, गेली वीस वर्षं हे काम विकण्यासाठी करते. सगळं गाव तिला जिजी म्हणतं. वय 61. नऊ वर्षांपासून साखर. त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, शिवाय कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन. ही गोळ्यांची यादी लक्षात ठेवा, पुढे तीच सगळा निर्णय फिरवणार आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. जिजीला औषध मी दिलं नाही. नमुना घेतला, त्यातले जंतू वाढवायला थाळ्या लावल्या आणि तिला धुळ्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. हे प्रकरण तिला विचारूनच लिहिते आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी गेले तेव्हा तिने आधी उजवा हात पुढे केला. "देख ना व माय, हाई नख कसं व्हई गयं." मधलं बोट आणि करंगळीजवळचं बोट, दोन्हींच्या नखांच्या कडेची कातडी सुजून गोल झालेली, दाबलं की दुखणारी. नखाच्या मुळाशी कातडीची जी बारीक झालर असते ती गायब. नखावर आडव्या लाटा आणि एका कडेला हिरवट-तपकिरी झाक. आपल्याकडे याला नखुरडं म्हणून सोडून देतात. पाय तिने दाखवलेच नाहीत, मी मागितले. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाड, पुढून वर उचललेली, खाली खडूच्या भुकटीसारखा भुगा. बोटांच्या बेचक्यात पांढरी ओलसर कातडी. पावसाळ्यात गोठ्यात आणि शेतात हिंडून दरवर्षी चिखल्या होतात, त्यात विशेष काय, असं तिचं म्हणणं. हाताचं दुखणं दोन हंगामांचं. पायाचं कधी सुरू झालं ते तिला आठवत नव्हतं. सुनेने सांगितलं, सहा वर्षं तरी झाली.

तोवरचे उपचार विचारले. हळद-तेल झालं होतं, खायचा सोडा झाला होता. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती, तिच्यात स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक असं तिन्ही एकत्र. असली मलमं लावली की दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी आत पसरत राहते. पायाची बेचकी अर्धवट बरी दिसण्याचं कारण ही ट्यूबच असावी. सुनेने मोबाइलवर वाचून पाव आणि जिलबी बंद केली होती, का तर 'यीस्ट इन्फेक्शन' आहे. पावातलं यीस्ट भट्टीत मरतं आणि त्याचा नखाशी काही संबंध नाही, हे सांगायला मला अर्धा तास लागला. साखरेच्या पेशंटने जिलबी बंद केलेली चांगलीच, म्हणून त्या अर्ध्या बाबतीत मी गप्प बसले.

आणि मग ती बाटली. पुण्याला नोकरीला असलेल्या नातवाने आठशे रुपये मोजून ऑनलाइन मागवलेली. जाहिरातीत लिहिलेलं: यीस्टपासून काढलेलं नैसर्गिक सत्त्व, नखातली बुरशी मुळापासून नाहीशी. बाटलीवर मात्र बारीक अक्षरात फक्त 'नखांची निगा'. दोन वाक्यांत एवढं अंतर का, ते उघड आहे: बाटली सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जात होती, आणि सौंदर्यप्रसाधनाला रोग बरा करून दाखवावा लागत नाही.

जिजीने ती उघडून वास घेतला आणि हसली. वास तिच्या ज्वारीच्या पातेल्याचाच होता. म्हणाली, "आंबटमा हात घाली घाली नख गयं, ते आंबटघाईच बरं व्हई ना?" आंबटात हात घालून नख गेलं, तर आंबटानेच बरं होईल ना?

मला हा प्रश्न फार आवडला. वर्गात वीस वर्षं शिकवताना इतका नेमका प्रश्न क्वचित आला असेल. कारण त्याचं उत्तर सरळ 'नाही' असं नाही.

एका यीस्टने दुसऱ्या यीस्टला मारणं हे विज्ञानाला 1963 पासून माहीत आहे. बेव्हन आणि मॅकोवर या दोघांनी तेव्हा दाखवलं की सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पाव फुगवणारं आणि दारू आंबवणारं आपलं नेहमीचं यीस्ट, त्याच्या काही जाती एक विष बाहेर सोडतात आणि शेजारच्या यीस्टला संपवतात. त्यांना 'किलर यीस्ट' नाव पडलं. पुढे कळलं की या विषाची कृती यीस्टच्या स्वतःच्या जनुकांत नसून त्याच्या पेशीत मुक्काम ठोकलेल्या एका विषाणूत आहे. म्हणजे भाडेकरू हत्यार बनवतो आणि घरमालक ते वापरतो. मालक स्वतः त्या विषापासून सुरक्षित असतो. विषाणू गेला की हत्यार जातं आणि संरक्षणही जातं.

यातले दोन प्रकार विद्यार्थ्यांना पाठ असतात. के-1 शेजाऱ्याच्या पेशीभित्तीतल्या ग्लुकॅनला चिकटतं आणि आतल्या पटलाला भोकं पाडतं, पेशी गळून मरते. के-28 थेट आत शिरतं आणि डीएनएची नक्कल होणं थांबवतं. वाइन करणारे लोक किलर यीस्ट मुद्दाम वापरतात, पिंपात रानटी यीस्ट शिरू नये म्हणून. इटलीत पार्मा इथल्या संशोधकांनी आणखी पुढे जाऊन दुसऱ्या एका किलर यीस्टच्या विषासारखं वागणारी प्रतिपिंडं तयार केली, आणि त्यांतून फक्त दहा अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा काढला, जो कॅन्डिडासारख्या यीस्टला मारतो. दुसरी वाट सोफोरोलिपिडची: काही यीस्ट साबणासारखा फेस देणारं एक चरबी-साखरेचं संयुग बनवतात, ते बुरशीच्या पटलात घुसतं. आसाममधल्या संशोधकांनी 2020 मध्ये असं सोफोरोलिपिड उंदरांच्या कातडीवरच्या ट्रायकोफायटॉन या बुरशीवर चालतं हे दाखवलं. आणि बुरशीने बुरशी मारायची हे औषधशास्त्राला नवीन मुळीच नाही. गजकर्णाची जुनी गोळी ग्रिसिओफल्विन 1939 मध्ये पेनिसिलियम बुरशीतूनच सापडली.

तेव्हा बाटलीमागची कल्पना खोटी नव्हती. म्हणूनच ती तपासावीशी वाटली.

पण त्याआधी नख तपासायला हवं होतं. जिजीच्या नखात नेमकं कोण बसलंय हे सहा वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. पिवळं जाड नख म्हणजे बुरशी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीची सोरायसिसची, मार लागलेली, चपलेने घासलेली किंवा नुसती म्हातारी झालेली असतात. बारा आठवडे गोळी खाण्याआधी एवढं तरी कळायला नको का?

नमुना घेताना आमचीच पहिली चूक झाली. विद्यार्थिनीने नखाचं पुढचं टोक कापून आणलं, तेही स्पिरिटने न पुसता. आठ दिवसांत थाळीवर काळी ॲस्परजिलस बुरशी उगवली, गोठ्यातल्या धुळीतली. टोकाला मेलेला भुगा आणि बाहेरची धूळ असते. जिवंत बुरशी आत, जिथे चांगलं नख संपून खराब सुरू होतं तिथे असते. दुसऱ्या वेळी ट्यूब दोन आठवडे बंद ठेवली, नख स्पिरिटने पुसलं, टोक टाकून दिलं आणि त्या सीमेवरचा भुगा खरवडून घेतला. जिजी म्हणाली, इतकं तर मी बाळंतिणीलाही पुसत नाही.

भुगा वीस टक्के पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात रात्रभर ठेवला, म्हणजे नखाचं प्रथिन, केराटिन, विरघळतं आणि बुरशी उरते. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या नखात फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये पडदे असलेले लांब तंतू. हाताच्या नखात चित्र निराळं: अंकुर फुटलेल्या गोल पेशी आणि त्यांच्या साखळ्या. थाळीवर हाताचा नमुना तीन दिवसांत मलईसारखा उगवला. मानवी सीरममध्ये 37 अंशांवर अडीच तास ठेवल्यावर पेशींना शेपट्या फुटल्या. कॅन्डिडा अल्बिकान्स. पायाच्या नमुन्याने साडेतीन आठवडे घेतले: वरून पांढरा कापूस, थाळी उलटी केली की खालून वाइनसारखा लाल रंग. ट्रायकोफायटॉन रुब्रम.

म्हणजे एकाच बाईच्या हातात एक रोग आणि पायात दुसरा. आणि हातातला तर स्वतःच यीस्ट. नातवाने यीस्टवर यीस्टची बाटली पाठवली होती.

आता बाटली. थाळीवर जिजीच्याच पायातली ट्रायकोफायटॉन पसरली, थाळीतल्या आगरच्या जेलीसारख्या थरात चार छिद्रं पाडली. एकात बाटलीतलं द्रव, एकात साधं पाणी, एकात नखावर लावायचं नेहमीचं बुरशीनाशक सायक्लोपिरॉक्स, आणि एकात व्हिनेगर. व्हिनेगर का, तर बाटलीतल्या द्रवात पट्टी बुडवली तेव्हा पीएच (आम्लतेचा आकडा, सात म्हणजे उदासीन, त्याखाली आंबट) चारच्याही खाली आला होता, आणि तो आंबूस वास माझ्या डोक्यातून जात नव्हता. व्हिनेगर पाण्याने त्याच पीएचला आणून घातलं.

थाळी उघडली तेव्हा मुलं टाळ्या पिटायला लागली. बाटलीच्या छिद्राभोवती बुरशी उगवली नव्हती, स्वच्छ वर्तुळ. इथे कुणी फोटो काढून टाकला असता तर 'प्रयोगशाळेत सिद्ध' असं खुशाल छापता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण व्हिनेगरच्या छिद्राभोवतीही जवळजवळ तेवढंच वर्तुळ होतं.

मी घाईने निष्कर्ष काढला. दुसऱ्या थाळीत बाटलीतलं द्रव सोडा घालून पीएच सातला आणलं. वर्तुळ आकसून एक पुसटशी कड राहिली. "बघा, आम्लच मारत होतं," मी म्हटलं. मागच्या बाकावरचा धरणगावचा एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, किलर टॉक्सिनसुद्धा सातला निकामी होतं ना? तुम्हीच शिकवलं." बरोबर होतं त्याचं. ही विषं चार-साडेचार पीएचला चांगली चालतात आणि उदासीन द्रवात मोडतात. माझा प्रयोग आम्ल आणि विष यांत भेदच करत नव्हता. वर्गासमोर शिक्षकाचं असं झालं की कान गरम होतात. पण त्या दिवशी मुलांना 'कंट्रोल' म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय कळलं.

मग त्याच मुलाने सुचवलेली तपासणी केली: द्रव दहा मिनिटं उकळलं, थंड करून पुन्हा छिद्रात घातलं. किलर टॉक्सिन प्रथिन आहे. उकळल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं बिघडतं. वर्तुळ जसंच्या तसं आलं. म्हणजे मारणारी वस्तू प्रथिन नव्हती: आम्ल, आणि ती पुसट कड बहुधा लेबलवर शेवटी छापलेल्या टिकाऊपणाच्या रसायनांची. बाटलीत यीस्टचा अंश असेलही. बुरशी मारणारं काम तो करत नव्हता.

समजा बाटलीत अस्सल किलर टॉक्सिन असतं, तरी ती पुण्याहून अमळनेरला पोचेपर्यंत शिल्लक राहिलं असतं का? ही विषं बहुतेक करून वीस ते पंचवीस अंशांवर काम करतात आणि तिशीच्या पुढे झपाट्याने ढेपाळतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो आणि कुरियरची गाडी उन्हात उभी असते. किलर यीस्टचा तास आम्ही मुद्दाम जानेवारीत घेतो, ते याचसाठी.

शेवटची तपासणी साधी होती आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. जिजीच्या पायाच्या नखाचे कापलेले दोन तुकडे घेतले. एकावर वरून बाटलीतलं द्रव रोज दोनदा, पाच दिवस लावलं. दुसरा कोरा ठेवला. मग दोन्ही थाळीवर ठेवले. दहाव्या-बाराव्या दिवशी दोन्हींच्या खालून पांढरा कापूस बाहेर आला. रंगवलेल्या तुकड्याच्या खालूनही, तेवढाच दाट. एकाच नखाचा वर्गातला प्रयोग आहे, यावरून जगाला काही सांगायचं नाही. पण थाळीवर जिने मैदान सोडलं तीच बुरशी नखाखाली निवांत बसली होती.

याचं कारण नखाच्या बांधणीत आहे. नख म्हणजे गंधकाच्या पुलांनी एकमेकांना घट्ट जखडलेलं केराटिन. कातडीच्या वरच्या थरात दहा टक्क्यांच्या आसपास चरबी असते, नखात एक टक्काही नाही. म्हणून कातडीतून जाणारं तेलकट मलम नखावर नुसतं बसून राहतं. नखातून जायला रेणू लहान लागतो. सायक्लोपिरॉक्सचं रेणूवजन 207 आहे, टर्बिनाफिनचं 291. के-1 किलर टॉक्सिनचं? सुमारे 19,000. चाळणीतून रवा पडतो, नारळ पडत नाही. पार्माचा तो दहा अमिनो आम्लांचा तुकडा हजाराच्या आसपास येतो आणि सोफोरोलिपिड सहा-सातशेच्या, म्हणून पुढे कधी यीस्टमधून नखाचं औषध निघालंच तर या लहान रेणूंच्या वाटेने निघेल असं मला वाटतं. उंदराची कातडी मात्र माणसाचं नख नव्हे.

एप्रिलच्या अखेरीला अहवाल घेऊन आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी जिजीचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन पाहिले, याचंच तिला जास्त अप्रूप. मग गोळ्यांची यादी मागितली, आणि इथे बुरशींच्या त्या दोन वेगवेगळ्या नावांचा उपयोग झाला. हातातल्या कॅन्डिडाला फ्लुकोनॅझोल चालतं, पण ते ग्लिमेपिराइडचा असर वाढवतं. साखर एकदम खाली जाऊन बाई चुलीपाशी पडायची. इट्राकोनॅझोल हात-पाय दोन्हींवर चालतं, पण ॲटोरव्हास्टॅटिनशी त्याचं जमत नाही, स्नायूंना धोका. पायातल्या ट्रायकोफायटॉनला टर्बिनाफिन उत्तम, आणि जिजीच्या तिन्ही गोळ्यांशी त्याचं भांडण नाही. कॅन्डिडावर मात्र ते कमकुवत. नाव माहीत नसतं तर 'बुरशीची गोळी' म्हणून यांपैकी कुठलीही हातात पडली असती.

ठरलं ते असं. पायासाठी टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम रोज एक, बारा आठवडे. आधी आणि मध्ये यकृताची रक्ततपासणी, मूत्रपिंडाचीही एकदा. हाताला पोटातून काहीच नाही. सायक्लोपिरॉक्सचं आठ टक्क्यांचं औषधी पॉलिश रोज, आठवड्यातून एकदा स्पिरिटने पुसून पुन्हा नवा थर. आणि हात कोरडे. डॉक्टर म्हणाले, "आजी, कॅन्डिडा नंतर आला. आधी पाण्याने आणि आंबटाने नखाची झालर गेली, दार उघडं पडलं, मग तो शिरला. दार लागलं नाही तर औषध किती दिवस लावणार?" हातमोजे सुचवले: आत सुती, वर रबरी. जिजीने तिथेच नाकारले. "घाटा हातले समजाले पाहिजे."

नख किती दिवसांत सुधारेल हे तिने विचारलं. हाताचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं, पायाचं एक ते दीड. अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला वर्ष ते दीड वर्ष. जिजी डॉक्टरांकडे बघतच राहिली. "इतला दिनमा ते म्हैस व्याई जास!" डॉक्टर मूळचे साक्रीकडचे, त्यांना अहिराणी कळली, तपासणीच्या खोलीत पहिल्यांदा हशा झाला. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की टर्बिनाफिनच्या अमेरिकेतल्या मूळ चाचण्यांत बुरशी सत्तर टक्के लोकांची गेली, पण बुरशी जाऊन नखही पूर्ण स्वच्छ दिसणारे अडतीसच टक्के होते. मेलेली बुरशी नख सरळ करून देत नाही, नवं नखच यावं लागतं. जाहिरातवाल्या बाटलीने असं काही सांगितलं नव्हतं, म्हणून सुनेला डॉक्टरच कमी खात्रीचे वाटले.

जाण्याआधी डॉक्टरांनी दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर, मुळाशी जिथे नुकतं स्वच्छ नख डोकावत होतं तिथे, पात्याने एक बारीक आडवी खूण केली. नख वाढेल तशी खूण पुढे सरकेल. खुणेच्या मागे पिवळं आलं नाही तर औषध लागू पडतंय. मला ही युक्ती कुठल्याही तपासणीपेक्षा भारी वाटली, कारण ती जिजीला स्वतःला वाचता येत होती.

सहाव्या आठवड्यात यकृत ठीक. आठव्या आठवड्यात फोन आला: शेवभाजीला चव नाही. मसाला खराब निघाला असेल म्हणून तिने दुकानदाराला बोल लावले होते. टर्बिनाफिनने काही लोकांची चव जाते, आणि जिचं पोट चवीवर चालतं तिच्यासाठी हे लहान प्रकरण नाही. डॉक्टरांनी नऊ आठवड्यांवर गोळी थांबवली. औषध नखात पुढे काही महिने टिकून राहतं, म्हणून थांबवणं म्हणजे सगळं वाया असं नसतं. पण पूर्ण कोर्स झाला असता तर उजवा अंगठा जास्त सुधारला असता का, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. चव पाचेक आठवड्यांत परतली. तोवर मिठाचा डबा सुनेच्या ताब्यात.

पावसाळ्यात बेचक्यांसाठी साधं क्लोट्रिमाझोल, गोठ्यात जाताना बंद प्लॅस्टिकच्या बुटांऐवजी उघडी चप्पल आणि घरी आल्यावर पाय पुसणं. जुने बूट टाकून दे म्हटलं तर तिने ते गड्याला दिले. त्याची बोटं तपासायला मी गेले नाही, जायला हवं होतं.

हाताची सूज जुलैपर्यंत उतरली, ऑक्टोबरात दोन्ही नखं सरळ. यात औषधाचा वाटा किती आणि मे ते जानेवारी बिबडे बंद असण्याचा किती, ते वेगळं काढता येत नाही. माझा कौल दुसऱ्याकडे. खरी परीक्षा यंदाच्या फेब्रुवारीत होती. मोजे तिने घातले नाहीतच. पण ज्वारी उपसायला झारा घेतला, घाटा लाकडी घोटण्याने घोटला, आणि थापायचं काम, जे हातानेच होतं, ते दोन भाचसुनांत वाटून दिलं. काम संपलं की हात पुसून खोबरेल. हंगाम संपला तेव्हा मधल्या बोटाची एक कड जराशी लाल होती, बाकी काही नाही.

त्या हंगामात मुलांनी तिच्या पातेल्यातलं चमचाभर आंबट मागून आणलं आणि थाळ्यांवर पसरलं. आपल्या ज्वारीत एखादं किलर यीस्ट आहे का, हे त्यांना पाहायचंय. जिजीने डबी भरून दिली आणि विचारलं, यातनं बाटली झाली तर आठशेतले माझे किती?

तिची मूळ बाटली कपाटात आहे, अर्धी भरलेली. नातवाला वाईट वाटू नये म्हणून ती टाकत नाही.

गेल्या महिन्यात पट्टी लावून मोजलं. चौदा महिने झाले. डाव्या अंगठ्याची खूण टोकाशी येऊन नेलकटरने कापली गेली, मागे सगळं नख गुलाबी. उजवी खूण बारा मिलिमीटर सरकली आहे आणि तिच्या मागे आतल्या कडेला एक पिवळी पट्टी दिसते आहे, काडेपेटीच्या काडीएवढी. त्या पट्टीचा भुगा पुन्हा पोटॅशमध्ये ठेवला आहे.